मारुती कुठवर?

श्रावण संपत आला की आमच्या नाशिकमध्ये माणसं एकमेकांना "काय, बरंय ना?" असं विचारत नाहीत. "मारुती कुठवर?" असं विचारतात. बाहेरगावच्या माणसाला वाटेल, देव कुठे निघालाय की काय! तो कुठे जात नाही हो, गंगेच्या पात्रात पक्का उभा आहे. दुतोंड्या मारुती. एक तोंड पुढे, एक मागे. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो आणि तिचं पाणी आम्ही फुटांत नाही, या मारुतीच्या अंगावर मोजतो. घोट्याला लागलं तर पोरंसोरं बघायला पळतात. गुडघ्याला लागलं की भांडी बाजारातले लोक दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहतात. कमरेला लागलं की माल वर चढवायला सुरुवात. गळ्याशी आलं की मग कोणी काही बोलत नाही, नुसतं बघत राहतात.

आज दुपारी माझ्या कानात इअरफोन होते, समोर लॅपटॉप, आणि कंपनीने ठेवलेलं मनःशांतीचं ऑनलाइन सत्र. आमच्या कंपनीत माणसं कमी करायची आहेत. कोणाला, कधी, ते सांगत नाहीत. तोवर श्वास कसा घ्यायचा ते शिकवताहेत. आता खोटं कशाला बोलू, डोळे मिटून बसले तर जरा बरं वाटलं. तेवढ्यात फोन थरथरला. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं, धरणातून पाणी सोडलं. त्र्यंबककडे पावसाने नुसता धुमाकूळ घातला होता, त्यामुळे हे होणारच होतं. मी सत्र तसंच सोडून आईला फोन लावला.

"आई, मारुती कुठवर?"

"गुडघ्याच्या वर गेलंय. तू जेवलीस का, मनू?"

हे ती अगदी हळू आवाजात म्हणाली आणि मी लॅपटॉप मिटून स्कूटरची किल्ली शोधायला लागले.

का, ते कळायला माझी आई माहीत असायला हवी. माझी आई लेडीज टेलर. गल्लीत तिला सगळे शोभाताई म्हणतात आणि तिचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जातो. गिऱ्हाइकाला ती तोंडावर सांगते, "ब्लाउज घट्ट नाही झाला, तुम्ही अंगाने भरलात. माझ्या मापाला नावं ठेवायची नाहीत!" बाया चिडतात, पुटपुटतात आणि पुढच्या सणाला पुन्हा तिच्याकडेच येतात. भाजीवालीशी भांडते, रिक्षावाल्याशी भांडते, रेडिओवर बोलणाऱ्या माणसाशीसुद्धा भांडते. पण खरंच काही अंगावर आलं की तिचा आवाज खाली येतो. बाबा म्हणतात, हिचा आवाज उतरला की पाणी चढलं समजायचं. ते चेष्टेत म्हणतात, पण एका श्रावणात आम्ही ते पुरतं अनुभवलं आहे.

मी अकरावीत होते ते वर्ष. तोवर आई घरीच शिवायची. त्या वर्षी अक्षय तृतीयेला तिने भांडी बाजाराच्या मागच्या गल्लीत एक चिंचोळं दुकान घेतलं. पुढचं दार गंगेकडच्या गल्लीत, मागचं दार दुसऱ्या गल्लीत. घरच्यांनी, बाहेरच्यांनी, सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. गंगेच्या तोंडाशी कोणी कापडाचं दुकान घालतं का? आई म्हणाली, "बायका तिथे देवाला येतात, बाजाराला येतात. मी काय त्यांच्यासाठी डोंगरावर जाऊन बसू?" शेजारी वसंतकाकांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. गल्लीत पुराच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचाच. ते म्हणाले, "शोभाताई, घाबरायचं काही नाही. मारुतीच्या मांड्यांपर्यंत निवांत चहा प्यायचा. कमरेला टेकायला आलं की मी हाक मारतो."

त्या श्रावणाचा वास अजून माझ्या नाकात आहे. मशीनचं तेल, खडू, कोऱ्या कापडाची खळ, कोपऱ्यात गळणाऱ्या छत्र्या आणि समोरच्या टपरीवरून येणारा आल्याच्या चहाचा वास. मंगळागौरीचे ब्लाउज संपत नाहीत तोवर गौरी-गणपतीचे सुरू. मी कॉलेजमधून थेट दुकानात यायचे आणि हुक लावत बसायचे. आई प्रत्येकीचं कापड, अस्तर, मापाचा जुना ब्लाउज असं सगळं एका फडक्यात बांधून ठेवायची. त्या गठुड्यांना ती "लोकांचं" म्हणायची. लोकांच्यावर टेकून बसायचं नाही. लोकांच्या शेजारी डबा उघडायचा नाही. एकदा मी एका गठुड्यावर डोकं ठेवून डुलकी काढली तर केवढी ओरडली! तिचं म्हणणं एकच: नव्या दुकानाचा हा पहिला हंगाम आहे, एका बाईचं जरी कापड गेलं तरी या गल्लीत आपलं नाव राहायचं नाही. आणि ते खरंच होतं. टेलरच्या हुशारीचं लोक नंतर बघतात, आधी कापड सुखरूप परत येतं का ते बघतात.

त्यातलं एक गठुडं रुक्मिणीकाकूंचं होतं. काकू घाटावर फुलं विकायच्या. मळा गावाबाहेर होता, पहाटे टोपली घेऊन यायच्या. त्यांच्या लेकीला सातवा महिना लागला होता आणि डोहाळजेवणासाठी क्रीम रंगाचा ब्लाउज शिवायचा होता. सोबत काकूंनी जुनं डाळिंबी लुगडं आणलं होतं, विरलेलं, काठ तेवढे शाबूत. त्यांच्या गेलेल्या आईचं.

"ताई, याचं काठ लावा बाह्यांना," काकू म्हणाल्या होत्या. "नातीचं कवतिक बघायला म्हातारी नाय राह्यली. काठ तरी असू द्या तिचं."

आईने ते गठुडं मागच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत ठेवलं. जे जे जपायचं ते त्या पेटीत. गंगा पुढच्या दारासमोर, म्हणून जपायच्या वस्तू मागे. आईच नाही, अख्खी गल्ली तसंच करायची. वसंतकाकांची सगळ्यात महागाची समईसुद्धा मागच्या खोलीतच असायची.

आणि एका दुपारी गंगा चढायला लागली. मारुतीचे गुडघे बुडाले. गल्लीतले सगळे पायऱ्यांवर, माना गंगेकडे. वसंतकाका टाचा उंचावून बघत होते आणि क्रिकेटची कॉमेंट्री करावी तसं ओरडून सांगत होते. मी धावत दुकानात आले, तर आईने मशीन थांबवलं होतं. ती खाली बसली होती आणि दोरीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून फिरवत होती.

"आई, पाणी येतंय! गठुडी उचलू ना?"

"उचलू. आधी टाचण्या."

"आत्ता?"

चुंबक सावकाश पुढे सरकत होतं. टक्. टक्. टाचण्या, मोडक्या सुया येऊन चिकटत होत्या. वसंतकाका दारातून ओरडले, "अहो ताई, डोकं फिरलंय का तुमचं? झाडलोट कसली करताय?"

आई हळू आवाजात म्हणाली, "पाणी आलं की इथून लोक अनवाणी जातील काका. गढूळ पाण्यात टाचणी दिसते का?"

मला इतका राग आला होता तिचा! बाहेर सगळा गलका आणि ही आपली कोपरान् कोपरा चाचपतेय. टेबलाखालून, मशीनच्या पायडलखालून, उंबऱ्याच्या फटीतून. मग चुंबकावरच्या टाचण्या काढून तिने डबीत भरल्या, डबीचं झाकण लावलं, मशीनची सुई काढून तीही आत ठेवली. आणि मग म्हणाली, "हं, आता उचल." आम्ही पुढच्या खोलीतली गठुडी एकेक करून माळ्यावर चढवली. मशीनचं डोकं स्टँडवरून सोडवून वर ठेवलं. बाबा तेव्हा सातपूरच्या कारखान्यात ड्युटीवर, त्यामुळे आम्ही दोघीच. पेटी अवजड होती. ती मागे आहे, तिला काही होत नाही, म्हणून शेवटी ठेवली.

मारुतीची कंबर अजून कोरडी होती. वसंतकाकांनी हाक मारलीच नव्हती. आणि आमच्या पाठीमागे, मागच्या खोलीत, बुडबुड असा आवाज झाला.

पाणी मागून आलं. सराफ बाजाराखालून जाणारा नाला गंगेला मिळतो. गंगा भरलेली, वर गावातही पाऊस, मग नाल्याने जायचं कुठे? तो उलटा फिरला आणि मागच्या गल्लीतल्या गटारींतून वर आला. काळं, तेलकट पाणी, त्यात तरंगणाऱ्या चपला आणि प्लास्टिकच्या पिशव्या. अख्खी गल्ली हात जोडून मारुतीकडे बघत उभी होती. त्या देवाला मागेसुद्धा तोंड आहे आणि आम्ही जन्मभर त्याला बघतोय, पण त्याच्यासारखं दोन्हीकडे बघायचं एकालाही सुचलं नव्हतं.

आई पेटीकडे धावली. मागचं दार ढकलून बघितलं तर बाहेर मागच्या गल्लीतल्या बाया पोरांना कडेवर घेऊन उभ्या. एका म्हातारीला तिच्या सुनेने काखेत हात घालून धरलं होतं. त्यांना वर रस्त्यावर जायला वाटच नव्हती, दोन्ही बाजूंनी गल्ली भरत होती. वाट होती ती फक्त आमच्या दुकानातून. आईने एकदा पेटीकडे बघितलं. तिचा एक हात पेटीच्या कडीवर होता. "बरं," एवढंच म्हणाली. मग कडी सोडून तिने म्हातारीचा हात धरला.

सगळे आमच्या दुकानातून गेले. अनवाणी, कारण चपला केव्हाच वाहून गेल्या होत्या. गुडघाभर काळ्या पाण्यातून, एकमेकांना धरून, पुढच्या दाराने बाहेर आणि चढावरून वर मेनरोडला. लहान पोरं, म्हातारी माणसं. एकाच्याही पायात टाचणी गेली नाही. आज इतकी वर्षं झाली तरी ते आठवलं की माझी मान ताठ होते. शेवटच्या पोराला वसंतकाकांनी उचलून नेलं. तोवर पेटी पाण्याने भरून गेली होती.

पुढचे दिवस चिखलाचे. गंगा उतरली आणि आमच्या घराच्या गॅलरीत दोऱ्याच दोऱ्या बांधल्या गेल्या. आई पेटीतलं एक गठुडं घ्यायची, सोडायची, कापड साध्या पाण्यात हलवायची, पाणी बदलायची, पुन्हा हलवायची, न पिळता पसरायची. मग दुसरं. पुढच्या गठुड्याकडे ती बघतसुद्धा नव्हती. मी मात्र सारखी ढिगाकडे बघत होते आणि रडकुंडीला आले होते.

"आई, हे सगळं कधी व्हायचं?"

"हे झालं की ते."

तिचा आवाज काही वर येईना. घर कसं भयाण वाटायला लागलं. आम्हाला ओरडणारं कोणी नाही! बाबांनी एकदा मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकून बघितला. तिने तो निमूटपणे उचलून वाळत घातला. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "अवघड आहे." रात्री तिला झोप लागत नव्हती की काय कोण जाणे, डोळे खोल गेले होते. पण सकाळी पुन्हा पहिलं गठुडं, साधं पाणी, सावली.

ती गिऱ्हाइकांची वाट बघत थांबली नाही. स्वतः घरोघर गेली, कापड दाखवलं, काय झालं ते सांगितलं. एक बाई खूप बोलली, सगळं घेऊन गेली आणि पुन्हा आली नाही. आईने त्याबद्दल तिला अजूनही नावं ठेवली नाहीत. माझी आई कोणाला नावं ठेवत नाही म्हणजे बघा. बाकीच्यांनी डागाकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हणाल्या, अस्तराच्या बाजूला घ्या हो, कोणाला दिसतंय. एकीची सासू आमच्या दुकानातून हात धरून बाहेर गेलेली म्हातारीच निघाली. तिने तर आईला जेवल्याशिवाय उठू दिलं नाही.

रुक्मिणीकाकूंकडे जायचं आईने शेवटी ठेवलं होतं. त्या गठुड्यात डाळिंबी लुगडं आणि क्रीम कापड एकत्र बांधलेलं होतं. लुगड्याचा रंग सुटून क्रीम कापडावर पसरला होता. कुठे गुलाबी, कुठे गडद. आईने सगळं करून बघितलं, रंग निघाला नाही. दुसरं क्रीम कापड मिळालं असतं. पण लुगडं फिकं पडलं ते पडलं, आणि काकूंची आई काही परत येणार नव्हती.

आम्ही दोघी घाटावर गेलो. काकू आपल्या बसायच्या जागेवरचा गाळ खराट्याने लोटत होत्या. आईने घडी उलगडून त्यांच्यापुढे धरली. 

"माझ्याकडून जपलं गेलं नाही काकू," आई म्हणाली.

काकूंनी खराटा ठेवला, पदराला हात पुसले, कापड हातात घेतलं. गुलाबी डागांवरून बोट फिरवलं.

"हा माझ्या आयच्या लुगड्याचाच रंग ना?"

"हो."

"मंग तो गेला कुठं? नातीच्या पोलक्यातच उतरलाय की." आणि काकू हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होत्या. "म्हातारी लय हट्टी व्हती ताई. नुसत्या काठावर तिचं भागायचं नाय, हे मला कळाया पायजे व्हतं. शिवा असंच!"

आईने पदराने नाक पुसलं आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की पलीकडचा पुजारी दचकून वळला, "मग माप द्यायला लेकीला पाठवा की! सातव्या महिन्यात जुन्या मापाने शिवू होय? नंतर म्हणाल शोभाताईने घट्ट केला!"

माझी आई परत आली होती. मला इतका आनंद झाला की मी तिथे गाळातच बसकण मारणार होते.

डोहाळजेवणाला काकूंच्या लेकीने तोच ब्लाउज घातला. क्रीम कापडावर गुलाबी ढग आणि बाह्यांना फिकट डाळिंबी काठ. बाया विचारत होत्या, अगं, हे कापड कुठे मिळालं? काकूंनी ऐटीत सांगितलं, "गंगंत." त्या गौरींना आमच्या गल्लीत किती जणी आतून डाग पडलेले ब्लाउज घालून हळदीकुंकवाला फिरत होत्या, ते फक्त त्यांना आणि आईला माहीत. मला त्या सगळ्यांचा अभिमान वाटतो. पाणी ओसरल्यावर गाळ काढून, दुकानाला चुना लावून, पुन्हा नटून बाहेर पडणाऱ्या या माणसांचा. कोणी त्यांना धीर कसा धरायचा ते शिकवलं नव्हतं. हातातलं काम सोडायचं नाही, एवढंच त्यांना येत होतं.

आईला मी मागे एकदा आमच्या कंपनीतल्या सत्रांबद्दल सांगितलं होतं. श्वासाकडे लक्ष द्यायचं, एका वेळी एकच. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चांगलं आहे गं. पण श्वास मोजत बसलं तर सुई कोण ओवणार?" आणि मी बघितलं, सुई ओवताना ती श्वास धरून ठेवते, दोरा पलीकडे गेला की सोडते. तिला सांगितलं असतं तर हसली असती.

तर आज मी स्कूटर काढली. रविवार कारंजापर्यंत गेले, पुढे गाड्या सोडत नव्हते, मग चालत. भांडी बाजारात तीच धांदल. वसंतकाका आता थकलेत, दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतात. मला बघून लांबूनच ओरडले, "कंबर, मनू, कंबर!" सगळी गल्ली गंगेकडे तोंड करून उभी होती, हातात मोबाईल वर धरलेले, मारुतीचे फोटो निघत होते. माझाही फोन खिशात थरथरत होता, ऑफिसचा असणार. मी आमच्या दुकानात शिरले. गठुडी वर गेलेली होती, मागची आणि पुढची, सगळी. आई पुढच्या दारात नव्हतीच.

ती मागच्या दारात उभी होती. गंगेकडे पाठ, मारुतीकडे पाठ, डोळे गटारीच्या जाळीवर.

"आई, पाणी कमरेला लागलं."

"लागू दे," ती हळू आवाजात म्हणाली. मान वळवली नाही. "तिकडे बघायला अख्खं नाशिक उभं आहे. मी इकडचं बघते."

मग हात मागे करून तिने मला लोहचुंबक दिलं. मी चप्पल काढली, ओढणी खोचली आणि कोपऱ्यातून सुरुवात केली. फोन पुन्हा थरथरला. थरथरू दे म्हटलं. फरशी गार होती. टक्. एक टाचणी. हात पुढे सरकवला. टक्. मशीनखालून, उंबऱ्याच्या फटीतून. नोकरीचं काय होईल, हा विचार मनात होताच, गेला नव्हता. पण हातापुढे फक्त पुढची फरशी होती आणि तिच्यात मी गुंतले होते. किती वेळ गेला कोण जाणे.

"अगं, टेबलाखालचं कोण काढणार? तुझा साहेब?"

एवढ्या मोठ्याने ओरडली की बाहेरचे दोघे-तिघे आत डोकावले. मी टेबलाखालून मान वर केली आणि हसू आवरेना. मारुतीकडे बघायची गरजच नव्हती. पाणी उतरायला लागलं होतं.